ओस्तापरावांसाठी वन्समोर

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात शरयूकाकूंचं बोलावणं कोणी टाळत नसे. टाळलंच, तर काकू घरी येऊन बसत आणि न येण्याचं कारण शेवटपर्यंत ऐकून घेत. इतकं लांबलचक कारण कोणाकडेच नसे.

१९८६ मधल्या त्या रविवारी बोलावणं लायब्ररीच्या हॉलमध्ये होतं. काकूंच्या अपार्टमेंटच्या भिंतीपलीकडे ओस्ताप मेल्निक नावाचे वयस्कर युक्रेनियन गृहस्थ राहत आणि चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजवत. काकू त्यांना ओस्तापराव म्हणत. त्यांचे गुरू यारेमा होलूब यांनी तरुणपणी चार वाद्यांसाठी एक रचना केली होती. तिकडच्या सरकारला ती फार नव्या वळणाची वाटली. रचना अडगळीत पडली आणि गुरूंनाही लोक विसरले. ओस्तापरावांनी ती आपल्या वादक-चौकडीच्या गळी कशीबशी उतरवली होती. मात्र मुख्य व्हायोलिन वाजवणाऱ्या वॉल्टरची अट होती : लोकांना रुचली नाही, तर होलूबचं नाव पुन्हा काढायचं नाही.

"माणसं मी आणते," काकू म्हणाल्या. "न रुचून सांगतात कोणाला?"

"अगं, पण आपल्यात कोणाला काय कळणार त्यातलं?" काकूंच्या नवऱ्याने, दिगंबरकाकांनी विचारलं.

"मी वन्समोर म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं. वडे त्यानंतर. यात न कळण्यासारखं काय आहे?"

हॉलमध्ये काकू वड्यांचा डबा मांडीवर घेऊनच बसल्या. पहिल्या भागात व्हायोलिनं जावा-जावांसारखी भांडली. दुसराही तसाच गेला. तो संपताच काकू म्हणाल्या, "वन्समोर." मागून सगळं मंडळ ओरडलं. आपल्या नाटकात गायक अशा वेळी तेच पद लगेच पुन्हा घेतो. इथे चौघंही गोंधळून बघत राहिले.

वॉल्टरने गज खाली घेतला आणि अदबीने विचारलं, "नक्की कोणती जागा आवडली आपल्याला?"

दिगंबरकाका स्वतःचे बूट न्याहाळू लागले. ही माणसं कशासाठी आली आहेत ते ओस्तापरावांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

काकूंनी डबा नवऱ्याच्या हातात दिला. उभ्या राहून त्यांनी एक संथ ओळ गुणगुणली. खाली उतरत जाणारी, एका स्वराशी अडखळून मागे फिरणारी. पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून त्यांनी ती हिवाळाभर ऐकली होती.

"हे," त्या म्हणाल्या.

वॉल्टरने समोरचे कागद चाळले. "हे माझ्याकडे नाहीच."

"नसणारच. ते यांच्याकडे आहे. तुमच्या गडबडीत ऐकू येत नाही. जरा दमानं घ्या."

ओस्तापराव मोठ्यांदा हसले. वॉल्टरचे कान लाल झाले, पण माणूस सरळ होता. "पुन्हा," तो इतर दोघांना म्हणाला, "आणि हळू."

या वेळी चेलो स्वच्छ ऐकू आला. मंडळातल्या मालिनीबाई तोवर डब्याकडेच बघत होत्या. आता त्या वादकांकडे पाहू लागल्या. कोणी वन्समोर म्हटलं नाही, काकूही विसरल्या.

कार्यक्रम संपल्यावर वॉल्टरने विचारलं, "होलूबचं आणखी काही आहे का?"

"आहे," ओस्तापराव म्हणाले. "याहून लांब. आणि याहून अवघड."

दिगंबरकाकांनी डोळे मिटून घेतले.