यंत्राच्या खोलीतला पंखा

मंडळींनो, आपल्या मराठी मंडळाच्या फलकावरचा हा कागद निदान रविवारपर्यंत तरी काढू नका. हावड्याच्या कारखान्यातून होडीनं नदी ओलांडून आत्ताच आलोय आणि डोकं तापलंय.

तिथे हिशेबाचं नवं विलायती यंत्र आलंय. त्याला उकाडा सोसत नाही, म्हणून भट्टीजवळचा मोठा पंखा उचलून त्याच्या खोलीत नेला. शिवाय आत जाताना देवळात काढतात तशा चपला बाहेर काढायच्या. (येताना होडीत एकाच्या टोपलीत काय इलिश मासे होते! पण ते असो.)

आज दुपारी भट्टीवरचे हराधनदा भोवळ येऊन पडले. मी आणि भट्टीवरच्या आणखी एकानं त्यांना उचलून थेट त्या थंड खोलीत नेलं. दारातच मॅनेजर जोशीसाहेब आडवे आले.

"अरे, आधी त्यांच्या चपला काढ! धूळ जाईल यंत्रात!"

"साहेब, माणूस बेशुद्ध आहे!"

"दिसतंय मला. मग दार तरी लाव!"

थोड्या वेळानं हराधनदांनी डोळे उघडले, समोर बघितलं आणि ते हसले. "अरे, ये तो हमारा पंखा है!"

मग मात्र मला राहवेना. पंखा उचलला आणि भट्टीजवळ नेऊन लावला. जोशीसाहेब मागून ओरडत होते, "यंत्र बिघडलं तर विलायतेहून माणूस आणावा लागेल!" आणि इथला माणूस पडला, त्याचं काय?

उद्या मला कामावर घेतील असं वाटत नाही. तुमच्यातले बरेच जण साहेब आहात. एवढंच सांगा, तुमच्या ऑफिसातल्या पंख्याचं तोंड कुणाकडे आहे?