दुसऱ्याच्या नावाचा शर्ट

हे लिहिण्याचा अधिकार माझा आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. तो शर्ट मी कधी अंगात घातला नाही. कंपनीच्या गेटवर उन्हात उभा राहिलो तो डबा पोचवण्यापुरताच. ज्यांनी तो घातला त्यांच्यापैकी कोणी लिहिलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. पण ते लिहिणार नाहीत, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव सुप्याच्या बाजूचं, कोरडवाहू. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. पुढं वडील रान बघू लागले आणि धाकटे चुलते बारामतीला एमआयडीसीत वॉचमन झाले. त्यांना घरातले सगळे तात्याच म्हणत. वॉचमन पुरवणारा ठेकेदार धनगरांची माणसं मुद्दाम बघून घ्यायचा. जागरणाची सवय ह्यांच्या रक्तातच असते, असं तो म्हणायचा, आणि तात्यांना ते कौतुक वाटायचं. बारावीनंतर मी त्यांच्याच खोलीवर राहायला आलो. चुलती डबा भरायची, मी कॉलेजला जाता जाता गेटवर द्यायचो.

गेटवर शर्ट एकच होता. निळा, खांद्यावर पट्ट्या आणि छातीवर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं एक नाव. ते नाव तात्यांचं नव्हतं. कधीतरी काम सोडून गेलेल्या कुणाचं तरी होतं. पाळी बदलली की गेटमागच्या लिंबाखाली एकजण शर्ट काढायचा आणि दुसरा तो तसाच, घामानं ओला, अंगात घालायचा. तात्या उंच होते, बाह्या त्यांच्या मनगटाच्या वरच राहायच्या. त्यांचा जोडीदार पोटानं सुटलेला.

"घ्या तात्या, शर्ट ऊन करून ठिवलाय," तो म्हणायचा.

"ऊन न्हाय, आंबवून ठिवलाय. बटनं तरी ऱ्हायली का?"

साहेब लोक शर्टावरचं नाव वाचून हाक मारायचे. एका पाळीला जोडीदार आणि दुसऱ्या पाळीला तात्या, दोघंही त्याच नावाला "जी सायेब" म्हणायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मग एका उन्हाळ्यात कंपनीच्या गोदामाबाहेर पोत्यांच्या ढिगाला आग लागली. तात्यांनी जळती पोती हातानं ओढून बाजूला केली. तळहात भाजले. दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूनं शाबासकी लिहिलेली होती. तात्यांनी मला वाचायला सांगितलं.

"कुनाचं नाव हाय?"

"शर्टावरचं."

ते हसले. घरी येऊन चुलतीलाही हसत हसतच सांगितलं. ती त्यांच्या हाताला लोणी लावत होती. ती हसली नाही.

"हात तुमचा, आन् नाव त्याचं व्हय? उद्या काय बरंवाईट झालं तर मी कुनाच्या नावानं रडू?"

 तिथून सगळं सुरू झालं.

मी सायकलवर एमआयडीसीतल्या इतर गेटांवर जाऊ लागलो. सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच होतं. मागणी काय करायची यावर लिंबाखाली बोलणं व्हायचं. मी म्हणायचो, बसायला खुर्ची मागू, डोक्यावर पत्रा मागू.

"खुर्ची नको," जोडीदार म्हणाला. "खुर्ची मागितली की सायबाला वाटतंय गड्याचा झोपायचा बेत हाय."

"कालिजात जाऊन हेच शिकतोयस का रं, शर्ट मागायला?" एका म्हाताऱ्या वॉचमननं मला विचारलं. पण तोही दुसऱ्या दिवशी आला. शेवटी ठरलं ते एवढंच, की प्रत्येकाला स्वतःचा शर्ट आणि त्यावर स्वतःचं नाव. कंपनीच्या मॅनेजरसमोर मी बोललो. तात्या माझ्यामागं हात जोडून उभे होते. मॅनेजरनं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "रास्त आहे," म्हणाले. "पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्या कानावर घालतो."

रास्त हा शब्द तात्या कितीतरी दिवस घोळवत होते. चुलतीला सांगायचे, भाजीवालीला सांगायचे. मॅनेजरच्या ह्या उपकाराची फेड कशी करावी, हेच त्यांच्या डोक्यात होतं.

कंपनीच्या आवारात मागच्या अंगाला मोकळी जागा होती. तिथं मॅनेजरनं झाडं लावली होती, ती काही केल्या जगत नव्हती. नुसता मुरूम. "ही जमीनच मेलेली आहे," असं ते एकदा तात्यांच्या देखत म्हणाले होते. त्याच सुमारास आमच्या भावकीतला एक वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, कोकणातून परतत होता. आमच्या भागात शेतकरी मेंढक्याला मुद्दाम बोलावून मेंढरं रानात बसवून घेतात. एक मुक्काम झाला की लेंड्यांचं खत पुढच्या पिकाला पुरतं. त्याबद्दल मेंढक्याला धान्य मिळतं, मान मिळतो. आपल्या रानात वाडा बसला की मालक खूश होतो. तात्यांना एवढं एकच ठाऊक होतं.

"कंपनीच्या रानात?" मेंढका त्यांना म्हणाला. "तात्या, दानं कोन देनार?"

"मी देतो की. सायबानं आपलं काम केलंय. आपन त्याचं रान करू."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी गेट उघडलं आणि कळप आत घेतला. जाळी लावून मेंढरं बसवली, एकाही झाडाला तोंड लावू दिलं नाही. सकाळी वाडा पुढं गेला. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा तात्या शर्टाची वरची गुंडी लावून, अगदी ताठ, गेटवर उभे होते. मॅनेजरच्या गाडीमागं आणखी एक गाडी होती. पुण्याचे साहेब त्याच दिवशी आले होते.

सगळ्या आवारात मेंढरांचा वास भरला होता. पुण्याच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे?" मॅनेजरनं विचारलं.

"मेंढरं बसवली, सायेब. आता बघा झाडं कशी येत्यात."

पुण्याचे साहेब मॅनेजरकडं वळले. "स्वतःच्या नावाचा शर्ट मागणारे ते हेच का?"

मॅनेजर बुटाला लागलेल्या लेंड्या झटकू लागले. तात्या मात्र पुढं झाले आणि "व्हय सायेब, आमीच," म्हणाले. त्यांना वाटलं, विषय निघाला.

शर्टाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी दोनदा भेटायला गेलो, मला गेटवरच थांबवलं. थांबवणारा तात्यांचा जोडीदारच होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "जा बाबा. माझी पन लेकरं हायेत." लिंबाखालचं बोलणं बंद झालं. ठेकेदारानं तात्यांना काढलं नाही, जागायची सवय असलेला गडी त्याला सोडायचा नव्हता. त्यानं त्यांना इंदापूरला पाठवलं, हायवेलगतच्या एका वखारीवर. तिथंही शर्ट एकच होता. छातीवरचं नाव तिथल्या नव्या जोडीदाराचं. तो पणदऱ्याकडचा, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मी सोडलं नव्हतं. एका सरकारी ऑफिसात गेलो. तिथले कारकून वाईट नव्हते. ते विचारायचे, माणूस कुणाचा, कंपनीचा की ठेकेदाराचा? कंपनी म्हणायची ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणायचा, मी फक्त माणसं पुरवतो. तात्या महिन्यातून एकदा खोलीवर यायचे. "काय झालं रं त्या शर्टाचं?" मी म्हणायचो, चाललंय. त्यांनी कधी जोर केला नाही. चुलतीसमोर तर विषयच काढत नसत.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी कॉलेजच्या सायकल स्टँडवर एक अनोळखी माणूस उभा होता. अंगात बनियन, वर शाल. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना तो काहीतरी विचारत होता. मग कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं.

"तू तात्यांचा पुतन्या न्हवं?" तो म्हणाला. "खोलीवर जायचा धीर हुईना. म्हनून हितं आलो."

त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी पाणी आणू का विचारलं, तर त्यानं नको म्हणून मान हलवली.

"पहाटं वखारीत धुकं व्हतं. ट्रकवाल्यानं गाडी मागं घेतली, त्याला तात्या दिसलं न्हायती. चाकाखाली आलं. तितंच संपलं." तो थांबला. "शर्टावर नाव माझं. सांगावा माझ्या घरी गेला. मी सुट्टीवर घरी व्हतो. धार काढून आलो, तर दारात मानसं जमलेली, आन् माझी बायको उर बडवतीया. माझ्या नावानं. मला बघून सगळी गप्प झाली. मला तवाच कळलं, शर्टात कोन व्हतं."