काकांचा कॅमेरा आणि थोरलीचा पाडवा

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात गवळी म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, मोटारसायकलचा सायलेन्सर काढायचा आणि सुसाट सुटायचं. म्हैस गाडीचा आवाज ओळखून धन्यामागं पळते. माझ्या काकांची थोरली म्हैस अशी वर्षानुवर्षं पळाली. धन्यानं मागं वळून बघायचं नाही, हा काकांचा तोरा. म्हणायचे, "मागं बघतोय त्यो कसला गवळी? ती येतीच की!"

यंदा थोरली थकली होती. हा तिचा शेवटचा पाडवा, हे घरात सगळ्यांना कळत होतं. काकांना तिचा पळतानाचा एक तरी धड फोटो हवा होता, आणि तोही त्यांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातच. मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. कॅमेरा मात्र असा आळशी, की बटण दाबावं म्हशीवर आणि फोटो यावा शेपटीचा. घरात शेपट्यांचा अख्खा आल्बम आहे.

मग मी नेटवर शोधलं. काही हौशी लोकांनी अशा कॅमेऱ्यांसाठी कंपनीला न विचारताच फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, लिहिलंय. ते मेमरी कार्डावर टाकलं, की समोर काही हलताच कॅमेरा आपणहून फोटो काढतो. खाली 'बिघडल्यास आम्ही जबाबदार नाही' असंही होतं. ते मी काकांना वाचून दाखवलं.

"घाल की. आता तरी त्येला कुठं काय येतंय?"

पाडव्याला कॅमेरा कट्ट्यावर रस्त्याकडं तोंड करून ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पाडव्याच्या गर्दीत न हलणारं असतं काय? त्यानं फुगे काढले, कुत्रं काढलं, लोकांच्या तंगड्या काढल्या. काकांची गाडी समोर आली आणि कार्ड भरलं. थोरली धापा टाकत पुढून गेली, कॅमेरा ढिम्म. मला रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी सगळे टीव्हीवर फोटो बघत बसलो. शेवटच्या फोटोत काका गाडीवर होते, मान पार मागं वळलेली, चेहरा कावराबावरा.

"अगं बाई, मागं बघतायसा की!" काकू हसली.

काका हसले नाहीत. उठून टीव्हीजवळ गेले. फोटोच्या कडेला एक रंगवलेलं शिंग तेवढं आलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"आलती की रं ती," ते म्हणाले. "ह्योच मोठा करून आण."