सासूबाईंच्या वाटेतले धोंडे

सासूबाईंच्या वाटेत मी स्वतःच्या हाताने धोंडे घातले, तेही आमच्या चेरीताल मोहल्ल्यात, सगळ्या गल्लीच्या साक्षीने. धोंडे रंगाचे होते, एवढंच.

झालं असं, की एका स्कूटरचा आरसा त्यांच्या कोपराला ओझरता लागला. खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी रस्ता ओलांडणंच सोडलं. समोरच्या घरात दर मंगळवारी भजन. या आपल्या गेटला धरून झांजा ऐकत उभ्या. मी हात पुढे केला की म्हणायच्या, "आपल्या पायाने जाईन, नाही तर नाही."

मी शाळेत चित्रकला शिकवते. मोबाईलवर पाहिलं होतं, रस्त्यावर असे पट्टे रंगवतात की लांबून दगडी ठोकळे हवेत तरंगताना दिसतात आणि गाड्या आपसूक हळू होतात. ठरवलं, हेच करायचं. पार्षदांची, म्हणजे इथल्या नगरसेवकांची, परवानगी काढली, रविवारी रस्त्यात बाकडी आडवी टाकली आणि पदर खोचून बसले.

आमच्या घरात सासूबाईंचा नियम: रांगोळी काढताना मधूनमधून उंबऱ्यात येऊन बघायचं. लग्नापासून अंगात मुरलेली सवय. म्हणून मी एक रेघ मारायचे आणि गेटपाशी धावत येऊन बघायचे. संध्याकाळी गेटमधून असे काही धोंडे उभे राहिले, की मी स्वतःच टाळ्या वाजवल्या!

बाकडी काढली. वरच्या अंगाने मोटारसायकली आल्या आणि सुसाट निघून गेल्या. नवऱ्याला स्कूटरवरून फेरी मारायला पाठवलं. परत येऊन म्हणतो, "धोंडे कुठे आहेत? मला वाटलं कुणाचा चुना सांडला."

इकडे सासूबाई गेटमध्ये गालावर हात ठेवून उभ्या. "काहून गं, एवढे उंच धोंडे काहून ठेवले? माझे गुडघे तरी पाहायचे!"

मी रस्त्यातच बसून हसले. असं चित्र एकाच जागेवरून उठून दिसतं, आणि ती जागा मी आमच्या गेटला बहाल केली होती. गाडीवाल्यांना नुसते फराटे, आणि जिला पलीकडे न्यायचं तिच्यापुढे डोंगर!

पण हार मानणारी मी नव्हे. पुढच्या रविवारी सगळ्यावर काळा रंग फासला. नवऱ्याला वरच्या अंगाला स्कूटरवर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांपासून रस्त्यापर्यंत दोरी ताणून एकेक कोपरा आखला.

"हलू नका!"

"अगं, ऊन लागून राहिलं."

"हेल्मेट आहे ना डोक्यावर?"

सासूबाई खुर्ची टाकून देखरेखीला. "आता तर नुसते वाकडे पट्टे दिसून राहिले. बिघडवलंस सगळं."

"आई, म्हणजे आता जमलं!"

मंगळवारी दुपारी पहिला आला दूधवाला, मोटारसायकलला कॅन लटकवलेला. लांबूनच त्याने करकचून ब्रेक दाबला. मागचे दोघेही थांबले. सासूबाईंनी ते पाहिलं, पदर सावरला आणि निघाल्या. मी गेटची कडी घट्ट धरून ठेवली. धावत जाऊन हात धरला असता तर सगळंच फुकट गेलं असतं.

बरोब्बर मध्यावर त्या थांबल्या.

"अम्माजी, जल्दी करो ना!" दूधवाला ओरडला.

"रुको भैया, पत्थरों पर चल रही हूँ. दिखते नहीं?"

त्या दिवशी भजन उशिरा सुरू झालं. सासूबाई एकेकीला खिडकीशी बोलावून थांबणाऱ्या गाड्या दाखवत होत्या.