दांडीवरचा हात

आमचा पाडा जळला तेव्हा मी पुण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. लढाई चालू होती. वैशाखात कुणाच्या तरी शेतात पेरणीआधी पालापाचोळा पेटवून राब भाजत होते. वारा फिरला, ठिणग्या पेंढ्याच्या छपरांवर आल्या आणि नेरळच्या पलीकडची आमची चौदा घरं दुपारच्या जेवणाआधी राख झाली. जमीन जमीनदाराची. ‘पुन्हा इथं घर बांधायचं नाही,’ असा त्याचा निरोप आला. माझी आई विधवा. त्यानंतर दोन वर्षं ती एका सोयऱ्याच्या गोठ्यात राहिली. मधे जुनं लुगडं बांधलेलं, अलीकडे आई, पलीकडे म्हैस. सुट्टीत मी घरी यायचो म्हणजे त्या गोठ्यात यायचो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या गोठ्यात अभ्यास करूनच मी पुढे बी. ए. झालो, आमच्या अख्ख्या पाड्यात पहिला. पण आईला पुन्हा घर मिळालं ते माझ्या पदवीमुळे नाही, गोविंदमामामुळे. गेल्या महिन्यात तो मामा गेला. तार आली तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. डोळ्यांत पाणी आलं हे खरं, पण त्याच्या आधी, का कोण जाणे, मला हसू आलं होतं...

मामा आईचा थोरला भाऊ. माथेरानला हातरिक्षा ओढायचा. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. रिक्षाला तीन माणसं लागतात, एक पुढे दांडीला, दोघं मागे. चढाला मागच्यांनी ढकलायचं, उताराला त्यांनीच मागं खेचून धरायचं. एकदा मी त्याच्याबरोबर वर गेलो होतो, तेव्हा त्यानं मला त्यांचा कायदा सांगितला. “पुढचा दमला तर त्यानं दमलो म्हणावं. त्यात लाज नाय. पन दुसऱ्याचा हात पडल्याबिगर दांडी सोडायची नाय. आत मानूस बसलाय रं!”

जळितानंतर मामानं कर्जतच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला पट्टेवाला त्याला बघूनच स्टूल सरकवायचा. शेवटी सरकारनं ओढ्याच्या वरची पडीक जागा द्यायचं कबूल केलं. अट एकच : घरवाल्यांनी मंडळी नोंदवावी, पाच पंच नेमावेत आणि अध्यक्षाच्या सहीनं ताबा घ्यावा. पाड्यातले भिकाजीआबा अध्यक्ष झाले, रामजी उपाध्यक्ष, आणि आईच्या वतीनं मामा चिटणीस. चिटणीस अंगठेबहाद्दर, म्हणून लिखापढी माझ्याकडे. पुढचं सगळं तिथूनच बिघडलं, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

घरांच्या दोन ओळी व्हायच्या होत्या. वाट देवळाकडून काढायची की विहिरीकडून, यावर भिकाजीआबा आणि रामजी यांचं फाटलं. आबांनी राजीनामा द्यायचं ठरवलं आणि मला लिहायला बसवलं. मी कॉलेजातला पोरगा. अंगात भाषा सळसळत होती. ‘व्यथित अंतःकरणाने’, ‘स्वाभिमानास पोहोचलेला असह्य धक्का’... सभेत मी तो कागद वाचला तेव्हा बायकांनी पदर डोळ्याला लावले. पंचांनी आबांना हातापाया पडून परत बसवलं. दुसऱ्या दिवशी रामजी माझ्यापुढे येऊन बसला. “माजाबी लिव. आन आबाच्यात व्यथित हाय, ते माज्यात पायजे. मी काय त्याच्यापेक्षा कमी व्यथित हाय?” त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नऊ राजीनामे लिहिले. त्यातले चार एकट्या आबांचे. वाट राहिली बाजूला.

मामा माथेरानहून उतरला, सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, “सदू, तू लई ग्वाड लिवतोस. मानसं राजीनामा ऐकायसाठी राजीनामा देतात. आता कागद बंद.” पुढच्या खेपेला त्यानं आपल्या जुन्या मोडक्या रिक्षाची दांडी खांद्यावरून आणली. सभेत सांगितलं, “आजपासून ही अध्यक्षाच्या दोन्ही हातांत. जायाचं त्यानं खुशाल जावं. पन दुसऱ्याचा हात पडला की मगच सोडायची. भुईला टेकवायची नाय.” सगळे हसले. आबांनी मात्र दांडी घट्ट धरली.

ताबा द्यायला कचेरीतले साहेब यायचे होते त्या सकाळी दोघांचं पुन्हा जुंपलं. जागेसाठी दुसऱ्या एका गावाचा अर्ज मागे उभा होता. अध्यक्ष नाही असं साहेबांना दिसलं असतं तर आमची जागा गेली असती आणि आई गोठ्यातच राहिली असती. आबा दांडी धरून उठले. “मी चाललो. धरा कुणीतरी.” कुणी हात पुढे करीना. रामजीनं तर दोन्ही हात बगलेत घातले. “मी कालच राजीनामा दिलाय. मी नाय धरायचा.”

“मंग उभं ऱ्हावा,” मामा म्हणाला. “आत माजी भईन बसलीय.”

आबा उभे राहिले. ऊन चढलं. डोक्यावरची टोपी नीट करायची तरी पंचाईत. शेवटी आईच म्हणाली, “भिकाजीदादा, भाकर आनू काय? भरवते हवं तर!” बायका खो-खो हसल्या. आबांच्या मिशीतही काहीतरी हललं, पण त्यांनी दांडी सोडली नाही.

साहेब आले. “अध्यक्ष कोण?”

“ज्याच्या हातात दांडी तो,” मामा म्हणाला.

साहेबांनी आबांपुढे कागद धरला, टाक पुढे केला. आबांनी टाकाकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं. दोन्ही हात गुंतलेले, आणि भुईला टेकवायची नाही हा कायदा. घाम फुटला बिचाऱ्यांना. रामजीला राहवलं नाही. “आन इकडं, किती येळ सायबाला उभं करतोस!” म्हणत त्यानं दांडी धरली. आबांनी ऐटीत सही ठोकली.

“झालं!” मामा टाळी वाजवून म्हणाला. “रामजीचा हात पडला. अध्यक्ष रामजी!”

रामजीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. साहेब गोंधळले. “मग ही सही कुणाची?”

“दोघांची घ्या सायेब. चढाला एक, उताराला दुसरा. रिक्षा तशीच चालते.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके ते हसले. मग रामजीची सही घेतली. रामजीनं सही केली तेवढा वेळ दांडी आबांनी धरली होती. दुपारपर्यंत दोन वाटा ठरल्या, एक देवळाकडून, एक विहिरीकडून. इतकं सोपं होतं ते!

त्यानंतर दर वर्षी दांडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. भांडणं झाली, भरपूर झाली. “सोडतो बघ!” अशी धमकी द्यायची आणि धरून बसायचं, ही आमच्या मंडळीची रीतच पडली. चिटणीस मात्र मामाच राहिला.

त्याच्या तेराव्यानंतर सभा भरली. दांडी आबांच्या मांडीवर होती. मधला दोन विती भाग मामाच्या हातांनी गुळगुळीत झालेला, आरशासारखा. आबा म्हणाले, “गोविंदाचा हात सुटला. त्याच्या जागी कोन?” सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नोकरीला पुण्यात. खाली मान घातली. तेवढ्यात आईनं पुढे होऊन बरोबर त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला.

“मला लिवता येत नाय,” ती म्हणाली.

“गोविंदाला तरी कुटं येत व्हतं?” रामजी म्हणाला.

मग मी, पाड्यातल्या पहिल्या बी. ए. माणसानं, सभेच्या वहीत ‘चिटणीस’ या शब्दापुढे आईचं नाव लिहिलं, आणि तिनं अंगठा उठवला.

चौदा घरं जळली होती. आज चौदा कौलारू घरं उभी आहेत. खालच्या ओळीतलं तिसरं आईचं आहे, आणि कागदावर तिचंच नाव आहे.