काजव्याचा कॅमेरा

आमच्या पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे काजव्या म्हणत. तो मीटर रीडर होता. खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, गुडघे टेकून आत डोकं घालायचं, टॉर्च मारून मीटरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे काम त्याने सव्वीस वर्षं केलं. दुरून पाहिलं तर जमिनीतून उजेड लुकलुकताना दिसे, म्हणून काजव्या. नाव कुणी पाडलं ते आठवत नाही. मी पाडलं नाही, पण हसलो असेन.

टॉर्च खात्याची असायची. सेल आत राहिले की पाझरतात, टॉर्च सडते आणि भरपाई पगारातून कापतात. म्हणून फिरून आलेला प्रत्येक रीडर माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसून आधी सेल काढी, फडक्याने पुसून खिशात ठेवी, मग पाणी पिई. मी बिलांचा कारकून. वर्षानुवर्षं हे माझ्यासमोर चाललेलं असे.

नवे साहेब आले आणि त्यांनी फळ्यावर नोटीस लावली. रीडर घरी बसून आकडे लिहितात अशा तक्रारी आहेत. ज्याच्याविरुद्ध तीन तक्रारी सिद्ध होतील त्याला कामावरून काढलं जाईल. काजव्याच्या नावावर दोन आधीच होत्या. दोन्ही एकाच माणसाच्या. त्या माणसाचं मोठं फाटक होतं, आत कपडे धुण्याचा कारखाना होता, आणि पाणी भरमसाट जात असे. बिल आलं की तो लिहून देई, ‘तुमचा माणूस इकडे फिरकतच नाही.’ काजव्यापाशी त्याच्या वहीखेरीज दाखवायला काही नव्हतं, आणि वही त्याच्याच हातची. निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती.

एक दिवस तो बाकावरून उठून माझ्याकडे आला. "भाऊसाहेब, तुमच्याकडे पूर्वी कॅमेरा होता ना?"

"होता. बिघडला."

"मला एक घ्यायचाय. स्वस्तातला. रोज खिशात राहील असा."

तेव्हा फोनला कॅमेरे नसत. मागे बसलेला, गल्लीगल्लीत पाणी सोडणारा व्हॉल्ववाला ओरडला, "काय रे काजव्या, हिरॉईन सापडली की काय खड्ड्यात?"

"बेडूक सापडलाय. तुझ्यासारखाच दिसतो," काजव्या म्हणाला. पण कान लाल झाले होते.

मला कुणी सल्ला विचारत नाही. त्याने विचारला, याचं मला फार अप्रूप वाटलं. तीन आठवडे आम्ही सुटी झाली की दुकानं पाहत होतो. काय हवं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. शर्टाच्या वरच्या खिशात बसून खिशाचं बटण लागलं पाहिजे, नाहीतर वाकताना पाण्यात पडेल. एका हाताने चालला पाहिजे, कारण दुसऱ्या हाताने झाकण धरावं लागतं. चार बोटं अंतरावरून आकडा स्पष्ट आला पाहिजे. लांबचं जवळ दिसण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "मला काय डोंगर काढायचेत?" असं तो दुकानदारालाच विचारी.

शेवटच्या दुकानात तो एक जुना मीटर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. काचेवर कॅमेरे मांडले होते. पहिला पातळ, चकचकीत, पण त्याची बॅटरी वेगळी आणि ती चार्ज करावी लागे. दुसरा सर्वांत स्वस्त, पण जवळून काढलं की आकडे धुक्यात गेल्यासारखे. तिसरा राखाडी, जरा पोटवाला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, जवळच्या फोटोसाठी त्यावर फुलाचं चिन्ह होतं आणि फोटोच्या कोपऱ्यात तारीख-वेळ उमटायची. काजव्या मीटर घेऊन सरळ काउंटरखाली शिरला. अंधारात फ्लॅश उडाला.

"अहो काका, बाहेर या!" दुकानदार हसून लोटपोट. "लोक बायकोचे फोटो काढून बघतात, तुम्ही हे काय बाळंत केलंय तिथे?"

तो गुडघे झटकत बाहेर आला. सरळ काढला तर काचेवर फ्लॅशचा पांढरा डाग पडत होता, तिरका धरला तर आकडा स्वच्छ. "तिरका धरायचा," तो मला म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. तरी चकचकीत कॅमेऱ्याकडे त्याने एकदा पाहिलंच. मी म्हणालो, राखाडीच घ्या, सेल कुठेही मिळतील. त्याने घेतला.

तारीख मी भरून दिली. माहितीपुस्तिका मी वाचली, त्याच्या चष्म्याला ते बारीक अक्षर झेपेना. मी त्याला एवढंच शिकवलं, "हे चालू, हे फूल, हे दाबलं की फोटो. आणि मध्येच काही विचारलं तर गोंधळू नका, मधलं बटण दाबा, पुढे जातं." पुस्तिकेत शेवटच्या पानावर आणखी काही होतं. ते मी वाचलं होतं, सांगितलं मात्र नाही. इतकं काय सांगायचं, असं वाटलं.

तीन महिने तो प्रत्येक मीटरचा फोटो काढत होता. घरी बायको म्हणाली, "माझा एक काढा." तो म्हणाला, "सेल खर्च होतील." हे तिनेच बाजारात माझ्या पत्नीला सांगितलं. म्हणाली, "त्यांना मीटरची तोंडं गोड लागतात, वहिनी. माझं जुनं झालं."

तिसरी तक्रार आली. चौकशी साहेबांच्या खोलीत. फाटकवाला खुर्चीवर, काजव्या उभा, आणि जबाब लिहून घ्यायला मी. काजव्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने फोटोंच्या प्रती काढून आणल्या होत्या, पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला.

साहेबांनी पहिला फोटो उचलला. आकडा स्वच्छ होता. मग ते कोपऱ्यात पाहू लागले.

"तुम्ही यांच्याकडे कधी गेलात?"

"चार तारखेला साहेब. सकाळी दहा-साडेदहा."

"इथे पहिली जानेवारी आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटं."

फाटकवाला म्हणाला, "नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आले असतील."

साहेब हसले. दुसरा फोटो, तिसरा, दहावा. सगळीकडे पहिली जानेवारी, सगळीकडे मध्यरात्र ते पहाट. "तीन महिन्यांतली सगळी घरं एका रात्रीत? काय हो, तुम्हाला पंख आहेत?"

मला तेव्हाच कळलं. टॉर्चबरोबर तो कॅमेऱ्याचेही सेल रोज काढून पुसत होता, माझ्या डोळ्यांदेखत. शेवटच्या पानावर तेच होतं: सेल काढले की तारीख जाते, पुन्हा घातले की कॅमेरा विचारतो. आणि विचारलं की तो मधलं बटण दाबत होता.

"यंत्राची काही चूक असेल," काजव्या म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं. "भाऊसाहेब, तुम्हाला कळतं यातलं काही?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

का म्हणालो ते सांगता येत नाही. साहेबांची भीती नव्हती असं नाही, पण तेवढंच नव्हतं. फाटकवाला हसत होता, आणि त्या हसण्यात आपलंही नाव यावं असं मला वाटलं नाही. इतकंच कारण सापडतं, आणि ते पुरेसं नाही.

साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. फोटो नसते तर ताकीद देऊन सोडलं असतं. पण कर्मचाऱ्याने बनावट पुरावा तयार करून खात्याची दिशाभूल केली, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. वर अपील करायला पंधरा दिवस. काजव्याने सही केली. बाहेर पडताना मला म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास झाला, भाऊसाहेब." व्हॉल्ववाला जिन्यात उभा होता. तो म्हणाला, "हॅपी न्यू इयर, काजव्या." त्या दिवसापासून खात्यात त्याचा उल्लेख तसाच होऊ लागला.

चौथ्या दिवशी तो आला. आत येऊ देईनात, म्हणून बिलं भरायच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला.

"दुकानदाराकडे भांडायला गेलो होतो. तो म्हणाला, सेल काढले की तारीख जाते. पुस्तिकेत लिहिलंय म्हणाला."

मी मान हलवली.

"तुम्ही वाचली होती."

"विसरलो होतो."

"आणि त्या दिवशी खोलीत?"

मागचा माणूस म्हणाला, "काका, गप्पा घरी मारा."

काजव्या बाजूला सरकला नाही. "भाऊसाहेब, मी शिव्या द्यायला आलो नाही. दोन ओळी लिहून द्या. तारीख तुम्ही भरली होती, सेल मी रोज काढायचो, ते तुम्ही बघायचात. एवढंच. अपिलाला जोडतो. माझ्या लिहिण्यावर आता कोण विश्वास ठेवणार?"

"उद्या या," मी म्हणालो.

त्या दोन ओळी मी लिहिल्या. अक्षर चांगलं आलं होतं. सही करायची राहिली. सकाळी मी खात्यात निरोप पाठवला, ताप आहे. ताप नव्हता. नंतर शिपायाने सांगितलं की तो रोज यायचा, रांगेत उभा राहायचा, खिडकीत दुसरा कारकून दिसला की मागच्याला पुढे करून निघून जायचा. एकदा माझ्या घराच्या दारातही आला. पत्नीने आत येऊन विचारलं, "काय सांगू?" मी पलंगावर होतो. म्हणालो, "झोपलेत म्हणून सांग." तो तिला म्हणाला, "उठवू नका, वहिनी. ताप वाईट असतो."

पंधरा दिवस संपले. सोळाव्या दिवशी मी कामावर गेलो. खिडकीवर लांब रांग होती. मी एकेकाचं बिल घेत गेलो, आणि दर वेळी मान वर करताना थोडा वेळ लावत होतो. तो रांगेत नव्हता.