कान न चिरलेल्या शेळ्या

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर बाबा मला पुण्याच्या गाडीत बसवायला आले, तेव्हा त्यांच्या हातात माझी पेटी नव्हती, शेळीची दोरी होती. कबरीला डॉक्टरकडं न्यायचं होतं, एका खेपेत दोन्ही कामं. मी नर्सिंगला निघाले होते. खिडकीखाली उभं राहून त्यांनी नियम म्हणून दाखवले: रविवारची भक्ती चुकवायची न्हाई, सिनेमा न्हाई, लग्न मंडळीतच. गाडी हलली तसे ओरडले, "कबरी तुझीच हाय बरं!" सगळी गाडी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावात ख्रिस्ती घरं आमची चारच. बाबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. नियमांची पाटी त्यांनी स्वतः लिहून भिंतीला ठोकलेली. मला मात्र प्रश्नांची खोड. देवानं अब्राहामाला आधीच कबूल केलं होतं, तुझं नि तुझ्या लेकराबाळांचं भलं करीन. अट काही नाही. मग इतक्या पिढ्यांनी मोशेच्या हाती एवढे नियम काहून दिले? ते मोडले तर आधीचं कबूल केलेलं रद्द का? बाबा म्हणायचे, "लई डोकं चालवू नको. जेव."

शेळीचं सांगायचं राहिलं. आमच्या घरी लेक जन्मली की बाप तिच्या नावानं एक पाठ, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, बोलून ठेवतो. बाकीच्या शेळ्यांच्या कानाला खुणेची चीर देतात, लेकीच्या शेळीचा कान तसाच. तिच्या पोटच्या पाठीही लेकीच्याच, पुढं आंदण द्यायच्या. कबरी माझ्या पहिल्या पाठीची नात.

पुण्यात मी आयसीयूत लागले. नाइट शिफ्ट, ओव्हरटाइम, कधी रविवार कुठला तेही कळायचं नाही. लॅबमधल्या महेशशी लग्न केलं. तो मंडळीतला नाही, म्हणून रजिस्टर पद्धतीनं. मग चार वर्षं बाबा फोनवर आले नाहीत. माय चोरून बोलायची. कबरीचं विचारायची हिंमत मला झाली नाही. माझ्या शेळ्या विकल्या असतील, असं धरून चालले होते.

गेल्या साली पाचवा महिना लागला आणि राहवेना. या लेकराला आजोळ आहे की नाही, एवढं एकदा बघायचं होतं. महेशला स्टँडवरच्या हॉटेलात बसवून एकटीच घरी गेले. पाटी भिंतीवर तशीच. बाबा गोठ्यात पाला टाकत होते. आत बघितलं तर पाच-सहा शेळ्या, सगळ्यांचे कान साबूत. मला रडूच फुटलं.

"बाबा, मी तर नियम मोडला. मग ह्या काहून ठेवल्या?"

"पाटी लिहिली तवा तू चौथीत व्हतीस," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "पाठ तू जन्मली त्याच दिवशी बोलली. मागून लिहिलेल्या पाटीनं आधीचा शब्द कसा मोडंल?" आणि पाला हातात धरून थांबले. जन्मभर शास्त्र वाचणारा माणूस, पण माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही तेव्हाच ऐकू आलं असावं.

"मग पाटी काढायची का?" खोड जाते थोडीच!

"राहू दे. वाट दाखवाया लागते न्हवं?" मग जरा घुटमळून, "जावाई कुठं हाय?"

"स्टँडवर. चहा पिऊन राहिलाय."

"बोलाव की. तिथंच संसार करायचा हाय का त्याला?"

तुमच्यातले काही जण गावाकडंच राहिलात, काही जण माझ्यासारखे निघून आलात. घर कुठं, हे सगळेच विचारतो. मी फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना विचारते. त्या दिवशी निघताना बाबांनी एक दूधपिती पाठ उचलून माझ्या पोटाजवळ आणली.

"ही याची."

"अहो, पोरगं का पोरगी ते ठाऊक नाही. मंडळीत येईल का नाही, तेही नाही."

"मी कुठं विचारलं?" बाबा म्हणाले, आणि तिचा कान कुरवाळत तिला आईपाशी सोडलं.